खान्देशात वापरलेले स्वस्त ओव्हर-इअर हेडफोन : आपापले अनुभव लिहा

कुलरखालचा_जळगावकर

दीड ते पाच हजारांत कानभर बसणारे वायरलेस हेडफोन आता कुठेही मिळतात. रिव्ह्यूही ढिगानं आहेत, पण बहुतेक एसीच्या खोलीत बसून केलेले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. अशा हवेत एक उन्हाळा काढल्यावर त्या वस्तूचं काय झालं, हे वाचायचंय. ‘बेस एक नंबर भाऊ’ एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या. कुठे घालता, कशासाठी घालता, काय त्रास झाला, ते लिहा.

आधी एक गोंधळ मिटवू. दुकानात ‘मोठा हेडफोन’ म्हणून दोन वेगळ्या जाती दाखवतात. सोनीचा सीएच-५२०, जेबीएलचा ट्यून ५१०, बोटचा रॉकर्झ ४५० हे ऑन-इअर, म्हणजे गादी कानाच्या पाळीवर टेकते. सोनीचा सीएच-७२०एन, बोटचा रॉकर्झ ५५०, साउंडकोअरचा क्यू-२०आय हे ओव्हर-इअर, म्हणजे कान पूर्ण आत जातो. हा धागा दुसऱ्या जातीसाठी आहे.

माझा वापर घरात, कुलरसमोर. एएनसीवाला, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारा आहे. बाहेरच्या बाजूचे बारीक माइक आवाज पकडतात आणि आतून त्याच्या उलट लहर सोडतात. खालच्या पट्टीतल्या, एकसुरी आवाजावर हे उत्तम चालतं. बटण दाबलं की कुलरच्या पंख्याची घरघर विरून जाते, पण गवतावरून पाणी ठिबकतं ते तसंच ऐकू येतं. एका रात्री बाकीचा आवाज गेल्यावर ती टपटप इतकी ठळक झाली की नळ राहिला म्हणून उठून पाहिलं. तरी उन्हाळ्यात घरात वाचन करणाऱ्यानं एएनसीसाठी हजारभर रुपये जास्त द्यावेत, असं माझं मत.

भुसावळ_अपडाऊन

रेल्वेचं मी सांगतो. डब्यात रुळांचा खडखडाट निम्म्याहून कमी होतो, चहावाल्याची आरोळी मात्र थेट कानात. ते बरंच आहे म्हणा, नाहीतर चहा चुकेल.

खिडकीशी बसलात तर एएनसी बंद ठेवा. गाडीनं वेग घेतला की वारा त्या बाहेरच्या माइकवर आदळतो आणि कानात भसाभसा आवाज येतो. महागड्या मालात याचा बंदोबस्त केलेला असतो, स्वस्तात कमीच.

खोक्यावरच्या बॅटरीच्या तासांकडे नीट बघा. मोठा आकडा बहुतेक वेळा एएनसी बंद ठेवून, मध्यम आवाजावरचा असतो. सीएच-७२०एनचा कंपनीनं दिलेला आकडा एएनसी चालू असताना ३५ तास, बंद असताना ५० तास. क्यू-२०आयचा ४० आणि ६०. रोज ये-जा करणाऱ्याला दोन्ही पुरून उरतात, त्यामुळे तासांवरून भांडण्यात अर्थ नाही. आणि फलाटावर उतरताना गळ्यात, ही एकच विनंती.

अभ्यासिका_धुळे

स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे, दिवसातला बराच वेळ अभ्यासिकेत जातो. वर सांगितलेल्या टपटपीचाच प्रकार इथे माणसांच्या बाबतीत होतो. पंख्यांची घूंघूं गेली की मागच्या टेबलावरची कुजबुज अधिकच स्वच्छ ऐकू येते. कट-ऑफ किती लागेल यावरची चर्चा तर शब्दन्‌शब्द. बोलणं अडवायचं काम एएनसीपेक्षा गादी करते. जाड, मऊ, कानाभोवती कुठेही फट न ठेवणारी गादी हवी.

आणि फट कुठून पडते? चष्म्याच्या काडीनं. काडीवर गादी चढते, तिथून आवाज आत येतो आणि बेसही तिथूनच गळतो. वरून काडी कानामागच्या हाडावर दाबली जाते, तासाभरात ठणका लागतो. दुकानात दोन मिनिटं घालून सगळेच छान वाटतात. चष्मा लावून, दुकानदार वैतागेपर्यंत डोक्यावर ठेवा. चष्मेवाल्यांना वजनापेक्षा पकड जास्त छळते.

एडिट_टेबल

मी अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ एडिट करतो. माझं ऐका, हे हेडफोन ऐकायला घ्या, कामाला नको.

पहिलं कारण उशीर. ब्लूटूथवर आवाज साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. सिनेमा बघताना कळत नाही, कारण ॲप चित्रही तेवढंच मागे खेचून जुळवून घेतं. टाइमलाइनवर ती सोय चालेलच असं नाही. ढोलावर काठी पडलेली दिसते आणि ‘धम्म’ नंतर येतं. त्यावरून कट मारला तर नाच आणि ठेका यांची फारकत. गेम खेळणाऱ्यांचंही तेच दुखणं. स्वस्त हेडफोनला ३.५ मिमीचं भोक आहे का बघा, वायर लावली की उशीर संपला.

दुसरं कारण बेस. या किमतीत गिऱ्हाईक पटवायला खालचा आवाज फुगवून ठेवतात. त्यावर मिक्स केलेलं गाणं तुम्हाला भरदार वाटतं, म्हणून तुम्ही ढोल कमी करता, आणि मग तेच गाणं मोबाइलच्या स्पीकरवर पत्र्यासारखं वाजतं. आपली गाणी वाजतात हळदीच्या डीजेवर आणि ऐकली जातात मोबाइलवर. दोन्हीकडे तपासल्याशिवाय मी फाइल सोडत नाही.

कोडेकचा, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीचा, बाऊ करू नका. एसबीसी प्रत्येक हेडफोनमध्ये असतोच. आयफोन एएसीवर चालतो, एलडीएसी त्यात नाहीच, त्यामुळे आयफोनवाल्यानं त्या नावासाठी जास्त पैसे घालू नयेत. अँड्रॉइडवर एलडीएसी ९९० केबीपीएसपर्यंत जातो खरा, पण व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या गाण्याला त्याचा काय उपयोग?

रावेरचा_केळीवाला

कायले डोकं तापवता भाऊ? पोरानं मले असा हेडफोन आणून दिला. दुपारी बागेत घातला, पाच मिनिटांत कानामागून घामाच्या धारा. शिवाय मागून ट्रॅक्टर आला तरी कळत नाही. नेकबँड बरा. एका कानातलं काढून गळ्यात सोडता येतं, घाम-पाणी झेलायचं रेटिंगही त्यात बऱ्याचदा असतं. या मोठ्या हेडफोनमध्ये ते क्वचित दिसतं. लाइट रात्रीची असते तेव्हा मोटारीजवळ बसून तो मोठा घालतो, तेवढाच त्याचा उपयोग. थंडीत मात्र कान गरम राहतात, हे कबूल.

टेबलावरचा_सोल्डर

मोबाइल-हेडफोन दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे मेलेलेच जास्त बघितलेत. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या.

गादी सोलणे. ही कातडी नसते, कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो. घाम, दमट हवा आणि उष्णता यांनी तो थर सुटतो, मग मानेवर, कॉलरवर काळे कपटे पडतात. उन्हाळ्यात रोज घालणाऱ्यांचं हे लवकर होतं. वापर झाला की कोरड्या सुती कपड्यानं पुसा, स्पिरिट लावू नका. नवी गादी मिळते, पण आधी जुनी काढून तिची लांबी-रुंदी मोजून आणा. कापडी गादी घेतली तर कान कमी तापतात, बेस थोडा उतरतो, बाहेरचा आवाज थोडा वाढतो.

बॅटरी. लिथियमची बॅटरी चार्ज करायची वरची मर्यादा सर्वसाधारणपणे ४५ अंश मानतात. आपल्याकडे दुपारी सावलीतच तेवढं असतं. गाडीच्या डिकीत ठेवलेला हेडफोन आणून लगेच चार्जिंगला लावतात आणि मग बॅटरी फुगली म्हणून येतात. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री लावा.

‘चार्जच होत नाही.’ गिऱ्हाईक हेडफोन मेला म्हणून घेऊन येतं. मी विचारतो, वायर कोणती? दोन्ही टोकांना टाइप-सी. काही स्वस्त हेडफोनमध्ये पैसे वाचवायला चार्जिंग पोर्टवरचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर घालत नाहीत. त्यामुळे पलीकडे काही जोडलंय हेच सी-टू-सी चार्जरला कळत नाही आणि तो करंट सोडत नाही. जुन्या चपट्या यूएसबीच्या चार्जरला लावला की दिवा लागतो. या निदानाचे मी पैसे घेत नाही, पण घरी करून बघितलंत तर तुमची चक्कर वाचेल.

बिजागरी. घडी होणाऱ्यांची तिथेच मोडते. आत धातूची पट्टी आहे का, दांडी ओढून बघा. नुसतं प्लास्टिक असेल तर मी डकवून देतो, टिकण्याची हमी देत नाही.

घेताना खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचा, म्हणजे बीआयएसचा ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा. वायरलेस हेडफोनला ही नोंदणी सक्तीची आहे. नामांकित कंपनीचा शिक्का असलेला सातशे रुपयांचा ‘ओरिजिनल’ तिथेच उघडा पडतो.

चोपड्याहून_लॉगिन

घरून नोकरी, दिवसभर मीटिंग. माझी तक्रार अशी होती, की गाणं छान वाजायचं आणि मीटिंग सुरू झाली की सगळे डब्यातून बोलल्यासारखे. हेडफोनचा दोष नव्हता. नेहमीच्या ब्लूटूथवर त्याचा माइक चालू झाला की जोडणी फोनकॉलच्या मोडमध्ये जाते आणि ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जाही घसरतो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आउटपुट हेडफोन ठेवा आणि इनपुट लॅपटॉपचाच माइक निवडा. फरक लगेच कळतो.

दुसरं, एएनसी आणि ईएनसी यांची गल्लत करू नका, ताईंनो. एएनसी तुमच्या कानाला शांतता देतं. समोरच्याला तुमच्या घरातला मिक्सर ऐकू जाऊ नये यासाठी ईएनसी. मी शांतपणे आकडे सांगत होते आणि पलीकडे सासूबाई ठेच्याचा मिक्सर लावत असल्याचं सगळ्या टीमनं ऐकलं. साहेबांनी शेवटी विचारलं, मिरची हिरवी की लाल?

मल्टिपॉइंट, म्हणजे एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप दोन्हीला जोडलेलं राहणं, ही सोय असेल तर बाकी थोडं कमी चालेल. माझ्यासाठी ती एएनसीहून वर.

निवृत्त_खडू

नंदुरबारहून लिहितो. रात्री टीव्हीवर कीर्तन ऐकायची सवय, आणि घरात दहावीची नात. मुलानं हेडफोन आणला, पण आमच्या टीव्हीत ब्लूटूथ नाही. टीव्हीच्या हेडफोनच्या छिद्रात बसणारा छोटा ट्रान्समीटर वेगळा घ्यावा लागला. बातम्या पाहताना निवेदिकेचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. कीर्तनाला काही फरक पडत नाही, बुवा तसेही आळवून म्हणतात.

कान उतारवयात मंद होतात म्हणून आवाज वाढवण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. फोनमध्ये आवाजाची कमाल पातळी बांधून ठेवता येते, ती नातीकडून करून घेतली. ऐकू येत नसेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जावं, हेडफोन हे श्रवणयंत्र नव्हे.

चाळीसगाव_नवा

सगळं वाचलं. बजेट अडीच हजार, चष्मा आहे, घरात कुलर, मीटिंग नाहीत. ऑनलाइन मागवू का?

टेबलावरचा_सोल्डर

आधी जळगावच्या गोलाणी मार्केटात येऊन चार-पाच डोक्यावर घालून बघा, मग कुठूनही घ्या. एएनसी असलेला बघा, गादी बदलता येते का ते विचारा, पक्कं बिल घ्या. दुपारी येऊ नका, सहानंतर या, तेव्हा दुकानदार नीट बोलतात.