मदत हवी आहे: रस्ता बंद आणि हॉटेलने भाडं दुप्पट केलं

आई-बाबा मनालीत अडकलेत. मंडीजवळ दरड कोसळून रस्ता बंद आहे, खरं तर ते कालच निघणार होते. हॉटेलवाल्याने पहिली रात्र सांभाळून घेतली, गरम खिचडीही दिली. आज मात्र खोलीचे थेट दुप्पट मागतोय, तेही रोख. लाइट नाही, एटीएम बंद, रोख आणायची कुठून? जुलै २०२३ च्या पुरात तिथल्याच काही हॉटेलांनी अडकलेल्या पर्यटकांना फुकट ठेवलं होतं. तेवढी अपेक्षा नाही हो, ठरलेला दर घ्या एवढंच. बाबांच्या बीपीच्या गोळ्या दोनच दिवस पुरतील. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर लगेच काही होतं, की जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर गाठावं? कुणाला अनुभव आहे का?