जीआरईसाठी शब्दांच्या याद्या घोकणं बंद करा

रानपाखरू:
जीआरई (परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा) देणाऱ्या मुलांना शिकवते, म्हणून कळकळीने लिहितेय. हजार-हजार शब्दांच्या याद्या घोकू नका. ऑगस्ट 2011 मध्ये परीक्षा बदलली, तेव्हाच विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजीचे (शब्दजोड्यांमधलं नातं ओळखायचे) प्रश्न गेले. आता शब्द वाक्यात बसवावा लागतो. सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रश्नप्रकारात एकाच रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतले दोन निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा; दोन्ही बरोबर आले तरच गुण. तिथे वाक्यात न बसणारी समानार्थी जोडीही असते. ज्याने नुसती यादी पाठ केलीय, तो नेमकी तीच उचलतो.

आणि मुलं अवघड शब्दांमागे धावतात, पण अडखळतात सोप्या शब्दांवर. ‘क्वालिफाइड’ म्हणजे पात्र, एवढंच पाठ असतं. ‘क्वालिफाइड प्रेझ’ म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती, हे वाचनातच उमगतं. ‘चेक’ म्हणजे आवर घालणं, ‘टेंपर’ म्हणजे सौम्य करणं, हे बहुतेक याद्यांत सापडतच नाही.

गावाकडचा:
ताई, ज्याच्या घरी लहानपणापासून इंग्रजी पेपर येतो त्याला हे लागू पडेल. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. हातात चार महिने आहेत. लेख वाचायला घेतला की ओळीओळीला शब्द अडतो, मग वाचन पुढे सरकणार कसं? ‘गॅरुलस’ (बडबड्या), ‘लॅकॉनिक’ (मोजकं बोलणारा) असले शब्द महिनाभर वाचून एखाद्या वेळी भेटतात, आणि एकदा भेटलेला शब्द लक्षात राहत नाही. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये हिशेब मांडला होता: कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय समजायचं तर 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) यायला हवीत. एवढी मजल नुसत्या वाचनाने चार महिन्यांत गाठता येते का? कार्डं करून आज, परवा, आठवड्याने अशी उजळणी केली की शब्द डोक्यात बसतात.

शब्दवेडी:
एसएससी सीजीएलवाल्यांनी (म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरभरतीची परीक्षा देणाऱ्यांनी) हा धागा वाचून याद्या फेकू नयेत. तिथे समानार्थी, विरुद्धार्थी, वन वर्ड सबस्टिट्यूशन (शब्दसमूहासाठी एक शब्द) अजूनही थेट विचारतात.

रानपाखरू:
एसएससीचं मान्य, मी जीआरईपुरतंच बोलतेय. गावाकडचा, कार्डं जरूर करा, पण त्यावर शब्द एकटा नको, अख्खं वाक्य लिहा. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या मोफत पॉवरप्रेप चाचण्या आहेत, वाक्यं तिथली घ्या.

गावाकडचा:
वाक्य लिहीन, हे पटलं. यादी मात्र सोडणार नाही. आधी कुठले शब्द शिकायचे, हे माझ्यासारख्याला यादीशिवाय कोण सांगणार?