मदत हवी आहे: प्रेसिडेन्शियल स्कॉलर्सच्या अर्जातला फोटोवरचा निबंध

मुलगी बारावीत, न्यू जर्सीत. एसएटी या कॉलेज प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरून यूएस प्रेसिडेन्शियल स्कॉलर्ससाठी (बारावीच्या हुशार मुलांना मिळणारा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान) अर्ज भरायचं आमंत्रण आलंय. (स्वतःहून अर्ज करता येत नाही, हे आम्हालाही तेव्हाच कळलं.) ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे पात्रतेची अडचण नाही. शाळेचा अहवाल आणि गुणपत्रक काउन्सेलरकडून मार्गी लागलंय. देशभरातून जास्तीत जास्त १६१ जण निवडतात, त्यामुळे फार आशा नाही, पण अर्ज कसाबसा उरकायचाही नाही.

अडलंय ते एका निबंधापाशी. स्वतःसाठी मोलाच्या गोष्टीचा फोटो जोडून त्यावर लिहायचंय. तिने आजीचं पुरणयंत्र निवडलंय, दांडा तारेने बांधलेलं. पहिला खर्डा वाचला तर अर्धा निबंध पुरणपोळीची कृतीच! दुसऱ्यात ती काढली, तर यंत्र कशाचं हेच कळेना. इंग्रजीच्या बाईंनी भाषा तपासली, पण पुरण त्यांनाही नवीनच. वस्तू बदलायला ती तयार नाही, आणि पैसे देऊन सल्लागार आम्हाला नकोय.

ज्यांच्या मुलांनी हा अर्ज भरलाय त्यांना विचारते: आपल्या घरातली अशी वस्तू निवडली असेल, तर तिची ओळख किती ओळींत आटोपली आणि स्वतःबद्दल किती लिहिलं?