मामांचं लायसनचं रिव्हॉल्व्हर, होल्स्टर बनवायचंय मी, पण हत्यार माझ्याकडे ठेवता येत नाही. माप कसं बसवू?

दोनसुया_मुलुंड

नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली हौस म्हणून चामड्याचं काम करतोय, पाकिटं, बेल्ट, चष्म्याची कव्हरं असलं सगळं नातेवाइकांना वाटून झालं, आता लोक मी आलो की आधीच सांगतात की पाकीट आहे आमच्याकडे. तर आमचे मामा (आईचे सख्खे भाऊ आणि वर पोलीस खात्यातून रिटायर्ड, म्हणजे दोन्ही अर्थांनी मामा) बदलापूरला राहतात, मुरबाडकडे थोडी जमीन आहे, आठवड्यातून दोनदा स्कूटरवर जातात. त्यांच्याकडे लायसनचं .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या सरकारी फॅक्टरीचं, सहा गोळ्यांचं, मधून मोडून उघडतं ते. त्याचं जुनं होल्स्टर आता पार फडकं झालंय. मला म्हणाले, एवढी पाकिटं करतोस तर एक हे कर.

केलं. धारावीतून दीड मिमीचं मऊ चामडं आणलं, दोन थर चिकटवले, हाताने शिवलं, दिसायला एक नंबर. रिव्हॉल्व्हर घातलं तर पोत्यात भोपळा ठेवल्यासारखं. मग व्हिडिओत बघून पाण्यात भिजवून दाबून बघितलं, तर पाणी आधी आत जाईचना, गेलं तर वाळल्यावर परत जसंच्या तसं सपाट. आणि व्हिडिओतले ते अमेरिकन लोक सरळ स्वतःची गन प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्या ओल्या चामड्यात दोन दिवस ठेवतात. मामा म्हणाले, "हत्यार एक रात्रसुद्धा तुझ्याकडे राहणार नाही, चहा पिईपर्यंत बघ आणि परत दे." त्यांचं बरोबरच आहे म्हणा. पण मग ज्या वस्तूवर मोल्ड करायचं तीच हातात नसेल तर लोक करतात कसं? आणि चामडं कुठलं घ्यायचं?

रापी_आणि_आरी

अरे तू जे आणलंस ते क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात पिकवलेलं. पर्सचं चामडं. त्याला भिजवून आकार द्यायला जाणं म्हणजे रबरी चपलेला इस्त्री. कापलेली कड बघ, मधोमध निळसर राखाडी दिसेल. कडेपर्यंत सगळं एकसारखं तपकिरी असेल तर ते वेज टॅन, म्हणजे झाडाच्या सालीत पिकवलेलं. दुकानात कापायला देत नसतील तर बोटाने थेंबभर पाणी लाव, वेज टॅन लगेच काळपट होऊन पाणी पितं आणि मग नख दाबलं तर वळ तसाच राहतो. तुला तोच वळ हवाय, होल्स्टर म्हणजे तेवढंच तर आहे.

माझे आजोबा कोल्हापूरला चपला करायचे. कोल्हापुरीचं चामडं हेच, बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात पिकवलेलं, म्हशीचं. २०१५ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे त्यामुळे इथे जाड माल विचारलास तर बहुतेक म्हशीचाच दाखवतील, त्याला नाक मुरडू नको. दाणा जरा भरड असतो पण ताठ राहतो. धारावीत जा पण लिंक रोडवरच्या जॅकेटच्या शोरूममध्ये जाऊ नको, आत गल्लीत जे बेल्टवाल्यांना आणि सोलवाल्यांना माल देतात त्यांना विचार. ३ ते साडेतीन मिमी, एकच थर. आणि तुकडा पाठीकडचा माग. पोटाकडचा स्वस्त देतील, तो घेऊ नको, तो ताणतो आणि सहा महिन्यांत तुझ्या मामांच्या जुन्या फडक्यासारखा होतो.

आता दुसरा प्रश्न. चप्पल-बूट करणारा काय गिऱ्हाइकाचा पाय दुकानात ठेवून घेतो का? फर्मा असतो ना त्याच्याकडे, पायाच्या आकाराचा ठोकळा. गिऱ्हाईक पाच मिनिटं येतं, कागदावर पाय ठेवतं, जातं, पुढचं सगळं फर्म्यावर. रिव्हॉल्व्हरचा फर्मा कर. मामांचा चहा होईपर्यंतचा वेळ भरपूर झाला.

लालबागचा_बंड्या

एवढा खटाटोप कशाला, कायडेक्सची (गरम केलं की वाकणारं कडक प्लास्टिक) शीट घ्या, गरम करा, दाबा, झालं. पावसात भिजत नाही, बुरशी नाही. मुंबईत चामडं म्हणजे जूनमध्ये कपाटात ठेवा आणि सप्टेंबरमध्ये शेवाळ काढा.

रापी_आणि_आरी

बंड्या, कायडेक्सलाही दाबायला काहीतरी आत लागतंच, मग फर्मा तिथेही आलाच. आणि मुलगा विचारतोय चामड्याचं.

गोरेगावची_प्रॉपवाली

मी मालिका-नाटकांचे प्रॉप्स करते, असे फर्मे बरेच केलेत, त्यामुळे ऐक. मामा हत्यार रिकामं करून, उघडून दाखवतील, ते त्यांनीच करायचं, तू हात बांधून बसायचं. मग बंद रिव्हॉल्व्हर कागदावर आडवं, पेन्सिल सरळ उभी धरून बाहेरची रेघ. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून वरून फोटो, मोबाइल एकदम समांतर, तिरका धरलास तर नळी आखूड येते आणि तुला घरी जाऊन कळतं. मग व्हर्नियरने (जाडी मोजायची सरकती पकड) जाडी घे, नळीची, सिलिंडरची (गोळ्यांचं फिरतं चक्र), ट्रिगर गार्डची (ट्रिगरभोवतीची कडी), आणि पुढच्या माशीची, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या टोकाची उंची. मुठीची मापं तेवढी बारीक नकोत, ती बाहेरच राहते.

फर्मा तीन थरांचा कर. मधला थर म्हणजे नळी, फ्रेम, ट्रिगर गार्ड, एकाच लाकडातून जिगसॉने कापलेला. सिलिंडर म्हणजे आडवा ठेवलेला एक गोल दांडा, तो मी चक्क जुन्या लाटण्यातून कापते, लाटणी वेगवेगळ्या जाडीची मिळतात, व्हर्नियर घेऊन भांड्यांच्या दुकानात उभी राहिले होते तेव्हा दुकानदार म्हणाला ताई पोळ्याच लाटायच्यात ना? तो दांडा उभा चिरून अर्धा या बाजूला अर्धा त्या बाजूला चिकटव, मधल्या थराची जाडी अर्धी अर्धी आधी दोन्हीतून वजा कर, नाहीतर सिलिंडर फुगलेला येईल. एमडीएफ (भुसा दाबून केलेला बोर्ड) अजिबात नको, ओल्या चामड्यात फुगतं. साधं पाइन चालेल, वरून लॅकरचे दोन-तीन हात.

दोन गोष्टी मात्र रिव्हॉल्व्हरपेक्षा मुद्दाम वेगळ्या कर. एक, ट्रिगर गार्डचं भोक लाकडाने भरून टाक, नाहीतर दाबताना चामडं आत शिरतं आणि ट्रिगरपाशी खळगा होतो, तो नकोच. दुसरं, नळीच्या वर माशीपासून होल्स्टरच्या तोंडाकडच्या टोकापर्यंत आइस्क्रीमची काडी उभी चिकटव, म्हणजे माशीला जायला नाली राहते, नाहीतर दरवेळी काढताना माशी चामडं खरवडत येते.

दोनसुया_मुलुंड

ताई लाटण्याची आयडिया जबरदस्त. घरात एक आहे पण ते मागितलं तर माझंच होल्स्टर होईल. कागदावर कटिंग काढताना शिवण किती लांब ठेवायची? मागच्या वेळी अंदाजाने सोडली होती, तिथेच घोळ झाला बहुतेक.

रापी_आणि_आरी

अंदाजाने नाही, हिशोबाने. वस्तूची अर्धी जाडी अधिक चामड्याची जाडी, एवढं बाहेरच्या रेघेपासून सोडून टाके. समज सिलिंडर ३४ मिमी निघाला आणि चामडं ३, तर १७ अधिक ३ म्हणजे २० मिमी. पण हे फक्त सिलिंडरपाशी. नळी बारीक आहे, तिथे तिच्या जाडीने धर, म्हणजे शिवणीची रेघ सरळ न जाता वस्तूच्या अंगाने वळत जाईल. घडीच्या बाजूलाही अर्धी जाडी सोडायला विसरू नको, नवीन माणूस तिथेच चुकतो. आधी जाड पुठ्ठ्याचं करून फर्म्यावर बसवून बघ, पुठ्ठा फुकट आहे.

शिवण दोन सुयांचीच घाल, ती तुला येतेच नावावरून दिसतंय. मशीनच्या टाक्यात एक दोरा तुटला की पुढचं उसवत जातं, दोन सुयांच्या टाक्यात एक तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. इंचाला सहा-सात टाके पुरे, जास्त भोकं पाडलीस तर टपाल तिकिटासारखं फाटतं. दोऱ्याला मेण. आरीने भोक पाडताना आरी दोन्ही बाजूंना काटकोनात निघतेय ना बघ, जाड मालात मागची रेघ दारू प्यायल्यासारखी जाते.

मग भिजवणं. कोमट पाण्यात बुडव, बुडबुडे येतात ते थांबले की बाहेर. लगेच दाबू नको, थोडं थांब, वरचा रंग परत फिका व्हायला लागला पण हाताला गार लागतंय, ती वेळ. फर्मा घाल आणि बोटांनी, चमच्याच्या पाठीने दाबत जा, सिलिंडरच्या पुढे-मागे आणि गार्डच्या कडेने, वस्तू धरते ती याच दोन ठिकाणी. नखं कापून बस. अंगठी काढ.

वाळवताना ऊन नको, हेअर ड्रायर नको, ओव्हन तर नकोच, ओलं वेज टॅन जास्त तापलं की आकसून बिस्किटासारखं होतं. पंख्याखाली दीड-दोन दिवस. आता पावसाळ्यात करणार असशील तर चार दिवस धर आणि फर्मा मधेच काढून बघायचा मोह आवर.

दोनसुया_मुलुंड

दादा एक राहिलं, मागे एका बेल्टवर ओला असताना निळेकाळे डाग पडले होते ते कशामुळे? बुरशी नव्हती, घासून गेले नाहीत.

रापी_आणि_आरी

लोखंड. ओल्या वेज टॅनला उघडं लोखंड लागलं की सालीतला तुरटपणा आणि लोखंड मिळून काळं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचाच क्षार) घालून शाई करायचे ना, तीच शाई तुझ्या बेल्टवर झाली. म्हणून तर ओल्या चामड्यात खरं रिव्हॉल्व्हर घालायचं माझ्या मनाला कधी पटत नाही, प्लास्टिक कुठे फाटलं तर चामडं काळं आणि हत्याराला गंज, दोघांचं नुकसान. लाकडाचा फर्मा परवडला. काहीजण मात्र मुद्दाम व्हिनेगरमध्ये स्टील वूल विरघळवून त्यानेच काळा रंग देतात, तो वरचा रंग नसतो, चामडंच काळं होतं, हाताला लागत नाही. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं. छान दिसतो, वास मात्र लोणचं नासल्यासारखा.

कायद्याचं_बोला

मामांनी जे सांगितलं ते नुसतं खात्यातल्या सवयीमुळे नाही. शस्त्र कायद्यात लायसन माणसाच्या नावावर असतं, तुझ्याकडे वर्कशॉपमध्ये ते एकटं सापडलं तर अडचण तुझी आणि त्यांची दोघांची. होल्स्टरला लायसन लागत नाही, ती नुसती चामड्याची पिशवी. पण आर्म्स रूल्स २०१६ मध्ये आहे की हँडगन सार्वजनिक ठिकाणी नेताना अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत पाहिजे आणि पूर्ण झाकलेली पाहिजे. त्यामुळे व्हिडिओतलं मूठ उघडी, झटकन काढता येईल असं काउबॉय डिझाइन करून देऊ नको. वर झडप असलेलं कर.

झडपवालं होल्स्टर ज्या पट्ट्यावर लटकायचं त्याचं मूळही इथलंच. खात्यात अधिकारी लावतात तो सॅम ब्राऊन बेल्ट, तो ज्याच्या नावाने आहे तो इथल्या ब्रिटिश फौजेतला अधिकारी, १८५८ मध्ये लढाईत त्याचा डावा हात गेला, एका हाताने तलवार आवरेना म्हणून खांद्यावरून पट्टा आला. मामांना सांग, खूश होतील.

दोनसुया_मुलुंड

झडप म्हटल्यावर मामा खूश झालेच, म्हणाले आमच्या वेळी असंच होतं. आता म्हणतायत वर गोळ्यांसाठी पण सहा लूप शिव.

रापी_आणि_आरी

शिव पण गोळ्या त्यात वर्षभर ठेवू नका म्हणून सांग. पितळ आणि चामड्यातलं तेल मिळून हिरवं मेणासारखं काहीतरी चढतं, गोळी सिलिंडरमध्ये जाताना अडकते. आणि हेच रिव्हॉल्व्हरलाही, घरी आलं की होल्स्टरमधून काढून पुसून ठेवायचं. चामडं मुंबईची हवा पितं, आतलं लोखंड त्याच ओलीत बसून राहतं. बंड्याचं तेवढं खरं आहे. होल्स्टर नेण्यापुरतं, ठेवण्यापुरतं नाही.

झडपेला टिच बटण लावशील त्याची आतली बाजू चामड्याच्या तुकड्याने झाक, नाहीतर दरवेळी हत्याराला ओरखडा. तेल एकदाच, तेही हलक्या हाताने, जास्त तेल म्हणजे परत फडकं. कडांना मेण आणि कॅनव्हासचा तुकडा, घासत बस, मॅच बघता बघता होतं.

गोरेगावची_प्रॉपवाली

आणि मामांना स्कूटरवर बसवून माप घे! उभ्या माणसाच्या कमरेवर बरोबर बसणारं होल्स्टर बसल्यावर सीटला टेकतं आणि मूठ बरगडीत घुसते. एका हवालदाराच्या रोलसाठी केलं होतं, बिचारा ॲक्टर दिवसभर जीपमध्ये तिरका बसून होता. बेल्टलूप वर घे, नाहीतर पोटाकडे आडवं लावायला दे.

दोनसुया_मुलुंड

अपडेट. रविवारी बदलापूरला जाऊन मापं घेतली, मामांनी स्वतः रिकामं करून सहाही भोकं दोनदा दाखवली, मी म्हटलं दिसलं तर म्हणाले नाही नीट बघ. चहा दोन कप झाला. फर्मा झालाय, लाटणं नवीन आणलं. पहिला मोल्ड केला, वाळल्यावर फर्मा घालून उलटं धरून गादीवर हलवलं, पडला नाही. पुढच्या रविवारी मामा त्यांचं रिकामं रिव्हॉल्व्हर घालून बघणार. फर्मा सोबत घेऊन जातो, थोडं घट्ट वाटलं तर तिथेच ओलं करून सैल करेन. दिसायला बोअर वाटतोय म्हणून काळा रंग मारू का त्याला?

लालबागचा_बंड्या

काळं लाकडी रिव्हॉल्व्हर बॅगेत घालून बदलापूर लोकलने जाणार तू? ठाण्याला बॅग उघडायला लावली तर मामांना तिकडेच बोलवावं लागेल.

दोनसुया_मुलुंड

😂 बरं, पोपटी मारतो.