जुन्या वेकबोटीत पंपवालं बॅलास्ट बसवायचंय, कोणी केलंय का?

लुईसव्हिलकाठी:
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, लेक लुईसव्हिल अगदी जवळ. यंदा सेकंडहँड २१ फुटी व्ही-ड्राइव्ह इनबोर्ड बोट (इंजिन आत, मागच्या बाजूला) घेतली, दोर बांधायचा टॉवर आहे, इंजिन ठणठणीत आहे पण बॅलास्ट (लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत भरायचं पाण्याचं वजन) अजिबात नाही, त्यामुळे मागे लाट उठते ती अगदीच चपटी. मुलगी वेकबोर्डवर (बोटीमागे दोर धरून उभं राहायची फळी) छान तयार झालीये, आता तिला एका लाटेवरून उडून पलीकडच्या लाटेवर उतरायचंय आणि तेवढी उंचीच मिळत नाही. सध्या पाण्याच्या साध्या पिशव्या टाकतो आणि पंप बाजूने पाण्यात सोडून भरतो, पण त्यात सकाळचं शांत पाणी निघून जातं आणि मुलं कंटाळतात. म्हणून कायमचं बसवायचं ठरवलंय. मागे इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या लॉकरमध्ये ७५० पाउंडाची एकेक पिशवी आणि पुढे बोमधल्या सीटखाली ४०० ची.
एरेटर पंप घ्यावेत की ते दोन्ही दिशांनी चालणारे इम्पेलरवाले (रबरी पात्यांच्या चक्राचे)? तळाला भोक पाडायचं जिवावर आलंय, इंजिनला जे तळ्याचं पाणी जातं त्याच लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) मारली तर चालेल का? आणि वायर-फ्यूज कुठले घ्यायचे? घरचं इलेक्ट्रिकचं काम मी करतो पण बोटीचं कधी केलेलं नाही.

ऑस्टिनचा_नाखवा:
दादा आधी टी चं सांगतो, ते डोक्यातून काढून टाका. इंजिन त्याच पाण्यावर थंड राहतं, बॅलास्टचा पंप त्यातलं पाणी ओढायला लागला की इंजिनला कमी पडणार आणि ऐन पुलिंगमध्ये टेंपरेचर चढणार. बॅलास्टला स्वतःचं वेगळं थ्रू-हल (तळाच्या भोकातून पाणी आत घेणारं फिटिंग) हवंच.
दुसरं म्हणजे वजन. तुमच्या तिन्ही पिशव्या मिळून १९०० पाउंड होतात, म्हणजे साधारण ८६० किलो, जवळजवळ २२८ गॅलन पाणी. दहा-अकरा मोठी माणसं जास्तीची बसवल्यासारखं आहे हे. कंपनीची कपॅसिटी प्लेट (बोट किती वजन पेलते ते लिहिलेली पट्टी) असेल तर त्यातला आकडा माणसं आणि बॅलास्ट मिळून धरा. २० फुटांच्या आतल्या बोटींना अमेरिकेत ती प्लेट कायद्याने लागते, तुमची २१ फुटी आहे तर असेल किंवा नसेलही, नसली तर मॅन्युअल बघा. पिशव्या भरलेल्या असताना पाहुणे आले तर आधी पाणी काढायचं मग माणसं घ्यायची. बोमध्ये ४०० पाउंड आणि वर तीन पोरं बसली की हळू चालताना समोरून दुसऱ्या बोटीची लाट सरळ आत येते, हे हलक्यात घेऊ नका.
आता पंप. एरेटर स्वस्त, पाणी भराभर देतो, थोडा वेळ कोरडा चालला तरी मरत नाही, पण तो एकाच दिशेने चालतो आणि स्वतः पाणी वर ओढत नाही, म्हणून पाण्याच्या पातळीखालीच बसवावा लागतो. भरायला एक आणि रिकामं करायला एक, म्हणजे तीन पिशव्यांना सहा पंप. ८०० जीपीएचचा (तासाला ८०० गॅलन) घेतला तर कागदावर ७५० ची पिशवी सात मिनिटांत भरते, प्रत्यक्षात पाइपची लांबी आणि वळणं धरून दहाएक मिनिटं समजा. इम्पेलरवाला महाग, पण पिशवीला एकच पुरतो, तोच भरतो तोच उपसतो, पाणी स्वतः ओढतो, आणि उपसताना पिशवी चांगली पिळून काढतो. त्याचा एकच शत्रू म्हणजे कोरडं चालणं. पाणी संपल्यावर चालू राहिला तर रबरी इम्पेलर फार लवकर जळतो, तेव्हा टायमरचा स्विच लावा. तुमच्या बोटीला मी तीन इम्पेलरच सुचवेन. सहा एरेटर म्हणजे पाइप आणि जोड दुप्पट, आणि प्रत्येक जोड ही गळायची जागा असते.

वायरमन_ह्यूस्टन:
घरचं काम येतं म्हणालात म्हणून सांगतो, घरची वायर बोटीत वापरायची नाही. टिनचा मुलामा दिलेली मरीन तांब्याची वायर घ्या, साधं तांबं ओलाव्याने आतून हिरवं पडतं आणि बाहेरून काही दिसत नाही. इम्पेलर पंप १५ ते २० अँपिअर खेचतात, जाण्यायेण्याची मिळून लांबी मोजा आणि त्यावर गेज (वायरची जाडी) ठरवा, बहुतेक १० गेज लागेल. तिन्ही एकदम चालवणार तर बॅटरीपासून येणारी मुख्य वायर बरीच जाड हवी. त्या वायरचा फ्यूज किंवा ब्रेकर बॅटरीपासून ७ इंचांच्या आत, आणि प्रत्येक पंपाला त्याच्या लेबलवर लिहिलेला फ्यूज वेगळा. दिशा उलटी करायला डबल पोल डबल थ्रो स्विच (दोन्ही वायर एकदम उलटवणारा) किंवा दोन रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच). माझं मत रिले, कारण मग डॅशबोर्डपर्यंत बारीक वायर नेली की झालं.
आणि ही गोष्ट नीट वाचा. इंजिनच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साठते. तिथे जो पंप, रिले, ब्रेकर बसेल त्याच्यावर इग्निशन प्रोटेक्टेड (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारं) असं लिहिलेलं पाहिजे. कोस्ट गार्डचा नियमच आहे तो, आणि का आहे ते एका ठिणगीत कळतं. गाडीच्या दुकानातला स्वस्त रिले तिथे लावू नका. काम करताना बॅटरी सोडवा, आणि नंतर इंजिन सुरू करायच्या आधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवायची सवय ठेवा. दुसरी बॅटरी पण घालाच, नाहीतर पिशव्या भरता भरता स्टार्टिंगचीच बसायची आणि तुम्ही तळ्याच्या मध्यभागी.

लुईसव्हिलकाठी:
खूप आभार दोघांचे. इम्पेलर पक्के. नाखवा, भोक नक्की कुठे पाडू? आणि पाणी आपोआप आत येत राहतं असं कुठेतरी वाचलं, ते खरं आहे का?

ऑस्टिनचा_नाखवा:
खरं आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या कामात मन लावून करायची जागा हीच. पिशवीची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली असली तर पंप बंद असतानाही तळं आत यायला बघतं. एरेटर त्याला अजिबात अडवत नाही. इम्पेलरची पाती बरंचसं अडवतात पण झिजली की झिरपतं. आणि समजा पाइप आतल्या आत निसटला तर पाणी पिशवीत नाही, सरळ बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) येतं. म्हणून थ्रू-हल ब्राँझचंच घ्या, पाण्याखाली प्लॅस्टिक नको, आणि त्याच्यावर लगेच बॉल व्हॉल्व्ह, हात सहज पोचेल असा. पिशव्या भरल्या की व्हॉल्व्ह बंद, डॉकला बांधली की व्हॉल्व्ह बंद. प्रत्येक पाइपला दोन दोन स्टीलचे क्लँप, आणि भरायचा पाइप गनेलच्या (बोटीच्या बाजूच्या वरच्या कडेच्या) खालपर्यंत उंच नेऊन मग पिशवीत उतरवा, त्या उंच वळणाला हवा घेणारा व्हेंटेड लूप बसवा. पिशवीच्या सगळ्यात वरच्या तोंडातून व्हेंटचा पाइप काढून बाजूला उंचावर बाहेर काढा, तिथून पाणी पडायला लागलं की पिशवी भरली.
भोक मागच्या बाजूला, मधल्या रेषेच्या जवळ, स्ट्रिंगर (तळाला आधार देणाऱ्या लांब पट्ट्या) सोडून, म्हणजे बोट कलली तरी तोंड पाण्यातच राहतं. प्रोपेलरच्या, फिनच्या किंवा स्पीड मोजणाऱ्या चक्राच्या बरोबर समोर नको, तिथलं पाणी ढवळलं तर त्रास होतो. आधी आतून बारीक ड्रिलने खूण भोक, बाहेर जाऊन जागा तपासायची आणि मग बाहेरून होल सॉ. कापलेली कड नीट बघा, मध्ये लाकडाचा कोअर दिसला तर तो थोडा कोरून एपॉक्सी भरायचंच, नाहीतर पाणी मुरून तळ कुजतो. सीलंट थ्रीएमचं ४२०० वापरा, ५२०० इतकं घट्ट धरतं की पुढे फिटिंग काढायची वेळ आली तर जेलकोट (बोटीचा बाहेरचा गुळगुळीत थर) घेऊनच निघतं.

मिनेटोंकाची_ताई:
सगळं वाचलं, पण एका गोष्टीवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. भाऊ, लुईसव्हिलमध्ये झेब्रा शिंपले आहेत, आमच्या मिनेसोटातल्या मिनेटोंका तळ्यात २०१० मध्ये सापडले. त्यांची पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत, आणि बॅलास्टच्या पिशवीत उपसल्यानंतरही तळाशी थोडं पाणी राहतंच. ते घेऊन दुसऱ्या तळ्यात गेलात की तिथेही त्यांचा संसार सुरू. मुळात हे शिंपले इकडे आले तेच मालवाहू जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातून, १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये पहिल्यांदा मिळाले, आणि आज काठावर पोरं अनवाणी चालू शकत नाहीत इतक्या धारदार कवच्या पसरल्यात. टेक्ससमध्येही तळ्यावर येताजाताना बोटीतलं सगळं पाणी काढायचा राज्यभर नियम आहे, बॅलास्ट त्यातच आलं. आमच्याकडे तर रस्त्यावर ड्रेन प्लगसुद्धा (तळाचं बूच) काढूनच न्यावा लागतो.
म्हणून बसवतानाच विचार करा. पिशव्या सहज उचलून एका कोपऱ्याकडे तिरक्या करता येतील अशा ठेवा, पाइपला क्विक कनेक्टर लावा म्हणजे सोडवून निथळता येतात. वेगळ्या तळ्यावर जायचं असेल तर साधारण १२० फॅरनहाइटचं गरम पाणी पिशवी आणि पंपातून फिरवतात, त्याहून गरम नको, पंपाचं रबर खराब होतं. शक्य असेल तर अख्खा सीझन एकाच तळ्यावर काढा. आणि भरलेल्या पिशव्या घेऊन ट्रेलरवर कधीच चढवू नका, ट्रेलर आणि बोट दोन्हीला ते वजन झेपणारं नाही.
मुलीला एक सांगा, इंजिन चालू असताना मागच्या प्लॅटफॉर्मवर बसायचं नाही. कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो आणि त्याला वास नसतो.

लुईसव्हिलकाठी:
ताई, हे माझ्या डोक्यात खरंच आलं नव्हतं, क्विक कनेक्टर यादीत टाकले. अजून एक, एवढं वजन घातल्यावर इंजिन ओढेल ना?

ऑस्टिनचा_नाखवा:
ओढेल, पण प्लेनवर यायला (पाण्यावर उचलून धावायला) वेळ घेईल. वजन भरून फुल थ्रॉटलला आरपीएम किती जातो ते बघा, मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा बराच खाली राहिला तर कमी पिचचा (एका फेरीत कमी पुढे ढकलणारा) प्रॉप लागेल. पण तो खर्च आधी करू नका. पहिल्यांदा अर्ध्या पिशव्या भरून चालवा, रॅम्पच्या जवळच, मागचे लॉकर उघडे ठेवून, आणि एक जण टॉर्च घेऊन फक्त बिल्ज बघत बसू दे. सगळे जोड कोरडे दिसले की मग पूर्ण भरा.