मदत हवी आहे: शिकाऊ रिसेप्शनिस्टच्या हाती फोन कधी द्यावा?

दवाखान्यात एक शिकाऊ रिसेप्शनिस्ट रुजू होतेय. काउंटरचं काम शिकवणं सोपं आहे. पूर्ण नाव आणि जन्मतारीख पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायची, आपण वाचून "हो ना?" विचारायचं नाही. घाईत माणूस कशालाही हो म्हणतो आणि सारख्या नावाच्या भलत्याचीच फाइल आत जाते. मोबाइल नंबर परत वाचून दाखवायचा, की झालं.

अडतं ते फोनवर. छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, न थांबणारा रक्तस्राव: यातलं काही ऐकलं की अपॉइंटमेंट द्यायची नाही, होल्डवर ठेवायचं नाही, ताबडतोब डॉक्टरांना सांगायचं. ही यादी फोनशेजारी चिकटवली आहे. पण पेशंट कुठे असं नेमकं बोलतात? "जरा ॲसिडिटी वाटतेय, घाम फुटलाय" एवढंच म्हणतात. अशा वेळी नवख्या मुलीने उलट कोणते दोन-तीन प्रश्न विचारावेत?

दुसरं, रिपोर्ट विचारणाऱ्या नातेवाइकाला, अगदी पेशंटच्या नवऱ्यालाही, परवानगीशिवाय सांगता येत नाही हे न दुखावता कसं सांगायचं? तुमच्याकडची तयार वाक्यं जशीच्या तशी द्या. आणि सरावासाठी खोटे कॉल करून घेता का?