मदत हवी आहे: सासूबाईंची अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा (नवीन १२८ प्रश्नांची)

नमस्कार मंडळी,

सासूबाईंचा (वय ६९, मुक्काम एडिसन, न्यू जर्सी) नागरिकत्वाचा अर्ज डिसेंबर २०२५ मध्ये भरला. बोटांचे ठसे देऊन झालेत, आता मुलाखतीच्या पत्राची वाट बघतोय. ग्रीनकार्ड २०१६ चं. या वयात नागरिकत्व कशाला, तर त्यांना वर्षातले बरेच महिने वाईला काढायचे असतात आणि ग्रीनकार्डवर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की परत येताना विमानतळावर उलटतपासणी होते. थोडक्यात, वाईत निवांत राहता यावं म्हणून अमेरिकेचा पासपोर्ट! (ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, आणि शेतजमीन यांची चर्चा इथे नको, त्यावर ढीगभर धागे आहेत.)

२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज भरणाऱ्यांना नवीन परीक्षा आहे, हे माहीत आहे. १२८ प्रश्नांची यादी, त्यातले जास्तीत जास्त २० विचारतात, १२ बरोबर आले की पास, ९ चुकले की नापास. व्हॉट्सॲपवर मात्र अजून जुनी १०० प्रश्नांचीच यादी फिरतेय.

अडचण वेगळीच आहे. आई (म्हणजे सासूबाईच) जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायच्या. विषय त्यांना कळतो, जरा जास्तच कळतो. सिनेटर किती वर्षांसाठी? सहा, लगेच सांगतात, कारण आपली राज्यसभाही सहाचीच. पण प्रतिनिधिगृहाचं विचारलं की तोंडातून 'फाइव्ह' जातं, इथे तर दोनच वर्षं. प्रत्येक राज्याला दोनच सिनेटर हे त्यांना पटतच नाही. "उत्तर प्रदेशला ३१ आणि गोव्याला १, हे रास्त. वायोमिंगला कॅलिफोर्नियाएवढे कशाला?" यावर घरात अख्खा रविवार गेला. न्यायाधीश ६५ ला निवृत्त होत नाहीत, तहहयात बसतात, यावर पुढचा जाईल. १७७६ आणि १७८७ मात्र पक्कं बसलं: आधी स्वातंत्र्य, मग घटना, आपलाही क्रम तोच.

'वी द पीपल' म्हणजे काय, यावर 'आम्ही भारताचे लोक' पासून सुरुवात करून मराठीत दहा मिनिटं बोलतील. इंग्रजीत, तेही अनोळखी अधिकाऱ्यासमोर, शब्द फुटत नाही. यादीतले 'व्हाय'ने सुरू होणारे प्रश्न तुम्ही घरच्या ज्येष्ठांकडून कसे करून घेतलेत? आणि मोठे दीर म्हणतात की ६५ च्या वरच्यांना सोपी परीक्षा असते, मराठीतही देता येते. खरं का?

— माहेरवाशीण

सॅनहोजेकर: दिरांचं अर्धंच खरं आहे. वय ६५ पूर्ण *आणि* ग्रीनकार्डवर २० वर्षं झालेली असली, तर तारांकित २० प्रश्नांमधून १० विचारतात, ६ आले की झालं, तेही आपल्या भाषेत. वय ५५ आणि १५ वर्षं, किंवा वय ५० आणि २० वर्षं झाली असतील तर इंग्रजी माफ, पण प्रश्न सगळी यादी धरून, दुभाष्यामार्फत. तुमच्या सासूबाई यातल्या कशातच बसत नाहीत. इंग्रजी माफ व्हायला २०३१ उजाडेल. आणखी एक, कोणी एन-६४८ फॉर्म (परीक्षेतून सूट मागायचा) भरून देतो म्हणालं तर लांब राहा. तो खऱ्या वैद्यकीय कारणासाठी असतो. इंग्रजी कच्चं असणं हा आजार नव्हे.

कृष्णाकाठ: बाईंना समजवायचं थांबवा, त्या तुम्हालाच समजवतील :) एका प्रश्नाला छापील उत्तरं चार-पाच असतात, पण बहुतेक ठिकाणी एकच द्यायचं असतं. जिभेला सोपं असेल ते निवडा आणि तेवढंच घोटा. 'वी द पीपल'ला 'पॉप्युलर सॉव्हरिन्टी'च्या नादी लागू नका, 'सेल्फ गव्हर्नमेंट' म्हणायचं आणि गप्प बसायचं. राज्याला दोन सिनेटर का? 'इक्वल रिप्रेझेंटेशन'. पटो न पटो! प्रतिनिधींची मुदत कमी का? 'टू फॉलो पब्लिक ओपिनियन'. अमेरिकन शोध कुठला? 'लाइट बल्ब'. एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तुमच्याच गावात होती, फिरवून आणा. सिनेटर एकच सांगायचा असतो: अँडी किम, सुटसुटीत नाव. गव्हर्नर मात्र बदलल्यात, मर्फी पाठ असतील तर आता शेरिल. अशी बदलणारी उत्तरं मुलाखतीच्या आदल्या दिवशी यूएससीआयएसच्या (नागरिकत्वाचं काम बघणारं सरकारी खातं) साइटवर बघून घ्या.

आणि प्रश्न तुम्ही विचारू नका, नातवंडांना विचारू दे. अधिकारी मराठी उच्चारात विचारणार नाही.

नाना_पार्सिपनी: वरच्या दोघांना +१. पण माझ्या पाहण्यात आपले ज्येष्ठ इतिहासात अडकत नाहीत, अर्जावरच्या प्रश्नांत अडकतात. इंग्रजी बोलता येतं का, हे अधिकारी तिथेच बघतो. 'हॅव यू एव्हर' करून भली मोठी रांग असते: अटक झाली होती का, सरकार उलथवायचा प्रयत्न केला का, कोणाचा छळ केला का. आपली माणसं समोरच्याचा मान राखायला मान डोलावत 'येस, येस' म्हणत जातात. ते इथे महागात पडतं. 'ओव्हरथ्रो', 'पर्सिक्यूट', 'ओथ ऑफ अलीजन्स' (निष्ठेची शपथ) यांचे अर्थ नीट कळू द्या. कळलं नाही तर 'प्लीज रिपीट' म्हणायची सवय लावा, ते चालतं.

वाचन-लेखनाची धास्ती नको. तीन वाक्यांपैकी एक नीट वाचलं, तीनपैकी एक ऐकून नीट लिहिलं की पुरे. आणि काही राहिलंच तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते, फक्त राहिलेल्या भागाची.

माहेरवाशीण: सगळ्यांचे आभार. सॅनहोजेकर, तुमचा प्रतिसाद दिरांना पाठवला, अजून निळी खूण आलेली नाही. नाना, 'येस, येस' वाचून आम्ही एकमेकांकडे बघितलं, अगदी हेच होतंय घरी. आजपासून आधी अर्ज, मग इतिहास. आईंनी छोटी उत्तरं देवनागरीत लिहून घेतलीत, 'इक्वल रिप्रेझेंटेशन'समोर स्वतःचं प्रश्नचिन्हही काढलंय.

एक राहिलं. एडिसन किंवा आसपासच्या एखाद्या लायब्ररीत नागरिकत्वाचे फुकट वर्ग चालतात का, कोणाला ठाऊक आहे? सकाळचे हवेत, अंधार पडल्यावर आई बाहेर पडत नाहीत. व्यनि (खाजगी निरोप) केलात तरी चालेल.